उत्तररंगात उठलेल्या बायका

प्रेमिलाबाईंनी ठरवलं ते एवढंच, की अनंतबुवांना नारदाच्या गादीवरून खाली उतरवायचं. भर सभेत, कथा रंगात आलेली असताना, आणि ज्या कारणापायी आपण उठलो होतो त्याच कारणापायी. याहून कमी त्यांना चालणार नव्हतं आणि याहून जास्त काही नको होतं.

जन्मभर कीर्तनकारापुढे हात जोडलेल्या बाईने हे मनात आणावं, ही साधी गोष्ट नाही. बुवा गादीवर उभे राहिले की ते कुणाचे काका नाहीत, कुणाचे मामा नाहीत. आरती होईपर्यंत ती जागा नारदाची. म्हणून आरतीआधी गादी सोडायची नाही, असा दंडकच आहे. पाय भरून येवोत, घसा बसो, बुवा उभेच. प्रेमिलाबाईंना हे सगळं लहानपणापासून ठाऊक. काटोलजवळच्या त्यांच्या गावात मारुतीच्या पारावर त्यांनी पहिलं कीर्तन ऐकलं तेव्हा त्या सहा वर्षांच्या होत्या. तेव्हापासून झांज वाजली, नमन सुरू झालं, की अंगावर काटा यायचा तो आजही येतो. पूर्वरंगातलं निरूपण त्या डोळे मिटून ऐकत. मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला, की डोळे उघडत आणि पदर सावरून पुढे सरकत, कारण आता उत्तररंग, आता गोष्ट.

त्यांच्या याच आनंदावर बुवांनी पाय दिला होता.

बेसा रोडवरच्या त्यांच्या सोसायटीत राममंदिर आहे आणि मंदिराला लागून सभामंडप. दर वर्षी पौषात तिथे सात दिवस कीर्तन असतं, दुपारी चार ते साडेसहा. यंदा अनंतबुवा आले होते. सहासष्ट वर्षांचे गृहस्थ, पण आवाज असा मोकळा, की माईक नुसता शोभेला. तिसऱ्या दिवशी ध्रुवाचं आख्यान चाललं होतं. सकाळपासून बोचरं वारं सुटलेलं. प्रेमिलाबाईंनी दुपारी दोन कप चहा घेतला होता आणि वर शेजारच्या नीलाने सोलून दिलेली दोन संत्री खाल्ली होती. सरकारी दवाखान्याच्या मूत्रविकार विभागात एकतीस वर्षं नर्स म्हणून काढलेल्या बाईला हे कळायला हवं होतं. थंडीत हातापायांतलं रक्त आत सरकतं, आतल्या यंत्राला वाटतं पाणी जास्त झालं, ते बाहेर काढायला लागतं. त्यात चहा त्याला हाकतो आणि संत्र्याची आंबटाई पिशवीला चिडवते. हजारो बायकांना त्यांनी हे समजावून सांगितलेलं. पण कीर्तनाला जायच्या घाईत स्वतःच विसरल्या.

ध्रुवाला सावत्र आईने मांडीवरून ओढलं तोवर त्यांनी धरलं. मग राहवेना. वाकून, भिंतीच्या कडेकडेने निघाल्या.

बुवांचा हात वर गेला. तबला थांबला.

"थांबू या मंडळी. ध्रुवबाळ पाच वर्षांचं. अरण्यात एका पायावर उभं राहिलं, सहा महिने. आणि आमच्या बाईंना अडीच तास बसवत नाही!"

मंडप हसला.

"असू द्या, असू द्या. देहधर्म आहे. त्या येईपर्यंत आपण नाम घेऊ. सुशील, धर ठेका."

तबल्यावरच्या सुशीलने ठेका धरला, बुवांनी 'श्रीराम जय राम' सुरू केलं आणि दीडशे माणसं टाळ्या वाजवायला लागली. प्रेमिलाबाई आत होत्या तोवर टाळ्या, बाहेर आल्या तेव्हा टाळ्या, जागेवर येईपर्यंत टाळ्या; आणि त्या खाली टेकल्या तशी सुशीलने झोकात तिहाई घेऊन ठेका संपवला. पुन्हा हशा. "झालं? चला, ध्रुव थंडीत ताटकळलाय," बुवा म्हणाले.

लोक हसले त्याचं त्यांना एवढं नव्हतं. नागपूरची माणसं, हसायचीच. पण हसायला नाव घेतलं ते रामाचं. त्या दिवशी घरी येऊन त्या माळ घेऊन बसल्या, तर पहिल्या मण्यालाच कानात त्या टाळ्या. दुसऱ्या मण्यालाही. माळ खाली ठेवली.

"झाला एवढ्यात जप?" रुपरावांनी विचारलं. रुपराव म्हणजे त्यांचे यजमान, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, स्वभावाने गरीब.

"नाही झाला. होऊन नाही राहिला."

"अवो, सोडून दे ना. गंमत केली बुवानं."

"माह्या तोंडातलं रामाचं नाव काढून नेलं त्या माणसानं," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "तुमी गंमत म्हणा."

चौथ्या-पाचव्या दिवशी त्या कीर्तनाला गेल्याच नाहीत. पाचव्या दिवशी संध्याकाळी खालच्या मजल्यावरची भावना वर आली. तिला सहावा महिना. चेहरा ओढलेला, डोळे पाणावलेले.

"काकू, पोटात खूप दुखून राहिलं खाली. मी सकाळपासून पाणीच नाही पिलं."

"काहून नाही पिलं?"

"कीर्तनात उठा लागते ना. सासूबाई म्हणतात मधात उठायचं नाही, बुवा नाव घेतात. काल त्या मागच्या आजीले म्हटलं, गंगामाई निघाल्या. आजी आज आल्याच नाहीत."

प्रेमिलाबाईंनी तिला तांब्याभर कोमट पाणी प्यायला लावलं, घोट घोट. त्या पाण्याबरोबर त्यांच्या मनातलं उरलंसुरलं 'जाऊ दे'सुद्धा गेलं. सातव्या दिवसाचं यजमानपद त्यांच्याकडे होतं, पहिल्याच दिवशी चिठ्ठीत निघालेलं. यजमानाने बुवांना दुपारी जेवू घालायचं, मध्यंतराला हार घालायचा, सगळ्यांना चहा द्यायचा, शेवटच्या दिवशी कोणतं आख्यान हवं ते सांगायचं आणि शेवटी आरतीचं तबक धरायचं. रुपराव म्हणाले, "तुले नको असंन तर दुसऱ्या कोणाले देऊन टाकू."

"राहू द्या. मीच करते."

त्यांनी एक मात्र स्वतःला बजावलं. औषधाला हात लावायचा नाही. अन्नात काही घालायचं नाही. पाहुण्याच्या ताटाशी बेइमानी करणारी बाई आपण नाही. जे होईल ते थंडीने होईल, वाऱ्याने होईल, माणसाच्या स्वतःच्या देहाने होईल.

सहाव्या दिवशी गच्चीवर वाळवण काढताना त्यांनी दहा-बारा बायका गाठल्या. "उद्या मध्यंतराले चहा प्या. दोन दोन कप प्या. अन् लागली की धरून नका बसू. मी उठली की उठा." नीला म्हणाली, "अन् बुवा बोलले तर?" प्रेमिलाबाई म्हणाल्या, "एकीले बोलता येते. बाराजणींले बोलता बोलता त्याईचीच कथा राहून जाईल." बायका हसल्या, पण ते हसणं निराळं होतं. सहा दिवस दाबून ठेवलेलं होतं त्यांनीही.

सातव्या दिवशी सकाळी त्यांनी गादीखालची जाड सतरंजी धुवायला काढली. शेवटचा दिवस, गादी स्वच्छ पाहिजे, असं सगळ्यांना सांगितलं. पौषातल्या उन्हात ती चारपर्यंत वाळणार नव्हती, हे सांगितलं नाही. संगमरवरावर नुसती पांढरी चादर आली.

दुपारी बारा वाजता बुवा आणि सुशील जेवायला आले. गोळाभात, वर कडकडीत तेलाची फोडणी, तुरीच्या दाण्यांची आमटी, साजूक तूप. प्रेमिलाबाईंनी मन लावून केलं होतं. हात आखडता घेणं त्यांना जमतच नव्हतं. बुवा आल्या आल्या मोरीकडे गेले. पानावर बसायच्या आधी पुन्हा गेले. जेवून उठल्यावर पुन्हा. प्रेमिलाबाई मोजत नव्हत्या, पण एकतीस वर्षांच्या सवयीने मोजलं गेलं. कडी लागल्यापासून पाणी ओतेपर्यंतचा वेळसुद्धा त्यांच्या कानाने टिपला. फार वेळ. आणि मध्ये काही आवाज नाही.

त्यांनी पुन्हा पाणी वाढलं तर बुवांनी पेल्यावर हात ठेवला.

"आता नाही. कीर्तनाच्या दिवशी जेवणानंतर पाणी वर्ज्य. तीस वर्षांचं व्रत आहे."

त्यांचे ओठ फाटलेले होते. जिभेवर पांढरा थर. प्रेमिलाबाईंच्या तोंडून नर्सच बोलली.

"व्रत कशाचं बुवा? आमच्या ओपीडीत अर्धे लोक हेच करत. पाणी तोडलं की लघवी दाटते, दाटली की पिशवीले झोंबते, अन् झोंबली की थेंबभर असली तरी घाई करते. उलटंच होते. थोडं थोडं पीत जा. अन् या वयात प्रोस्टेटची गाठ वाढते, एकदा दाखवून घ्या."

रुपरावांना ठसका लागला. सुशीलने ताटात मान घातली. बुवांचे कान लाल झाले.

"बाई, तुम्ही कथा ऐकावी. वैद्यकी आम्हाला नको. ज्याचा मनावर ताबा त्याचा देहावर ताबा."

आणि त्या क्षणी प्रेमिलाबाईंना सगळं दिसलं. दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या रांगेत एकजण उठला की दुसऱ्याला लागते, तिसऱ्याला लागते; हे त्यांनी रोज पाहिलेलं. सभेत कुणी उठलं की या माणसालाही लागते. तो गादीवरून हलू शकत नाही, म्हणून दुसऱ्याला हलू देत नाही. भीती आहे ती. नुसती भीती.

त्यांना कणव आली. पण सुशीलच्या भातावर तुपाची धार सोडून होईपर्यंतच ती टिकली. मग जे आलं ते कणवेपेक्षा पुष्कळ जोरात आलं. म्हणजे याला माहीत होतं! कळ कशी येते, कपाळाला घाम कसा फुटतो, उठताना पाय कसे जुळवून घ्यावे लागतात, हे सगळं माहीत असूनही याने टाळ्या वाजवायला लावल्या. अजाण माणसाने केलं असतं तर एक वेळ सोडलं असतं.

चार वाजता कीर्तन सुरू झालं. पूर्वरंग उत्तम झाला. खोटं का बोला. मध्यंतराला प्रेमिलाबाईंनी झेंडूचा हार बुवांच्या गळ्यात घातला, बुक्का लावला, गादीला वाकून नमस्कार केला. आल्याचा चहा फिरला, संत्र्याच्या फोडींची ताटं फिरली. बुवांनी हाताने नको म्हटलं.

"यजमानीणबाई, आख्यान कोणतं?"

"गंगावतरण," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

बुवा खुलले. गंगावतरण त्यांचं हातखंडा. राजा सगर, जळून गेलेले साठ हजार पुत्र, भगीरथाची तपश्चर्या. ऊन उतरलं तसा मंडपात गारठा भरत चालला. संगमरवरावर अनवाणी उभे असलेले बुवा एकदा या पायावर, एकदा त्या पायावर व्हायला लागले होते. ब्रह्मदेव प्रसन्न झाले, कमंडलू तिरपा झाला, स्वर्गातून पाण्याचा लोट सुटला, आणि प्रेमिलाबाई उठल्या.

वाकून नाही. ताठ. मधल्या वाटेने.

बुवांचा हात वर गेला. "आज तर यजमानच—"

भावना उठली. तिच्या पोटाकडे पाहून बुवांची जीभ थबकली. मग नीला उठली. मग तिच्या मागच्या दोघी, मग कोपऱ्यातल्या चौघी, मग भावनाची सासू, मग एक पेन्शनर गृहस्थ आणि त्यांच्यामागे आणखी दोन. बुवांचा हात हवेतच.

सुशील बिचारा सरळ मनाचा. "बुवा, ठेका धरू?"

"नको," बुवा म्हणाले.

मंडपामागे स्वच्छतागृह एकच. कुणी घरी गेलं नाही, कथा चुकली असती. तेराजणांची रांग मागच्या दारातून आत मंडपापर्यंत आली. त्यामुळे दार सताड उघडं राहिलं आणि बाहेरचा वारा थेट गादीवर यायला लागला. दाराशीच हात धुवायचा नळ. एकेक बाई बाहेर येई, नळ सोडी. पाणी बादलीत पडे. बंद होई. पुन्हा कडी वाजे, पुन्हा नळ.

बुवांनी आवाज चढवला. गंगा कोसळली, शंकराने जटेत धरली. नळ सुटला. गंगा जटेत हिंडू लागली. पुन्हा नळ. आता बुवा गुडघे जुळवून उभे होते. मागच्या लोकांना वाटलं, भाव आलाय. दोघांनी हात जोडले. कपाळावरचा बुक्का घामाने ओघळला होता, त्या थंडीत. गंगेला जटेतून सोडायचं होतं; पण बुवांचं धाडस होईना. भगीरथाने दुसऱ्यांदा विनवलं, तिसऱ्यांदा विनवलं. गंगा आत ती आतच.

प्रेमिलाबाई रांगेच्या टोकाला उभ्या होत्या आणि एकेकीला पुढे घालत होत्या. "जा वं, तू जा. मले घाई नाही." हे त्या जरा मोठ्यानेच म्हणत. प्रत्येक वेळी बुवांची नजर तिकडे जाई, आणि त्या ती नजर धरून ठेवत.

अखेर त्यांची एकटीचीच पाळी उरली, तेव्हा बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. गादीला हात लावून तो कपाळाला लावला. आणि खाली उतरले.

कुणी हसलं नाही. प्रेमिलाबाईंना वाटलं होतं, हसतील. हसले असते तर बरं वाटलं असतं.

बुवा त्यांच्या मागे येऊन उभे राहिले.

"बाई, मी जरा..."

"रांग आहे, बुवा."

त्या आत गेल्या. कडी लावली. रोग्यांना शिकवायच्या तसं सगळं केलं. घाई करायची नाही, झालं असं वाटलं तरी थांबायचं, वीस आकडे मोजायचे, पुन्हा पाहायचं. त्यांनी वीस मोजले. बाहेर फरशीवर पायाची टकटक चाललेली. मग त्यांनी तीस मोजले.

बाहेर येऊन त्यांनी नळ सोडला आणि एकेक बोट धुतलं. बुवा दाराकडे धावले.

"थांबा. हार."

"काय?"

"गादीवरचा हार आहे गळ्यात. आत नेता काय?"

बुवांनी हार ओढला, तो पगडीत अडकला. सुटेना. प्रेमिलाबाईंनी मदत केली नाही. सुटला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांवर घेतला, कपाळाला लावला. हार नारदाचा होता. बुवांनी जानवं कानाला अडकवलं आणि दार लागलं.

आत काहीच होईना. फार वेळ धरलेलं एकदम सुटत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आत माणूस कण्हला. प्रेमिलाबाईंनी दात आवळले, आणि तरीही त्यांचाच आवाज त्यांच्याच तोंडून निघाला, दवाखान्यातला.

"जोर नका लावू, बुवा. श्वास सोडा. खांदे ढिले करा."

मग बारीक धार, तुटत तुटत. त्यांना स्वतःचा भयंकर राग आला. कुणी सांगितलं होतं बोलायला?

बुवा बाहेर आले. वय दहा वर्षांनी वाढल्यासारखा चेहरा. त्यांनी हारासाठी हात पुढे केला.

"पाय धुवा," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "गादीवर जायचं आहे."

बुवांनी त्या बर्फासारख्या पाण्याने घोट्यापर्यंत पाय धुतले. हात धुतले, चूळ भरली. मग हार घेताना हळू आवाजात म्हणाले, "बाई, त्या दिवशी मी जे बोललो, ते..."

"कथा थांबली आहे, बुवा."

"पण मला..."

"लोक बसले आहेत."

माफी मागून बुवांना मोकळं होऊ द्यायचं नव्हतं. ते ओझं त्यांनी घेऊन उभं राहावं, पुढचं सगळं कीर्तन. प्रेमिलाबाई आपल्या जागेवर जाऊन बसल्या.

बुवांनी गादीला साष्टांग घातला, मग सभेला. काही सांगितलं नाही, सावरून घेतलं नाही. चिपळ्या उचलल्या आणि शंकराच्या जटेतून गंगा सोडली. मधेच भावना पुन्हा उठली. सगळ्यांनी बुवांकडे पाहिलं. त्यांचा हात सवयीने वर गेला आणि वरच्या वर तालावर येऊन खाली आला. सुशीलने सम गाठली. भावना जाऊन आली. कुणी तिच्याकडे पाहिलंही नाही.

आणि मग बुवा जे गायले ते यापूर्वीच्या सहा दिवसांत गायले नव्हते. आवाजातला तो मोकळा रुबाब गेला होता. आत कुठेतरी चीर पडली होती आणि तिच्यातून सूर येत होता. गंगा डोंगर उतरली, रानातून, शेतांतून गेली, जळून गेलेल्या साठ हजार पोरांच्या राखेवरून गेली, आणि बुवांनी सगळ्या सभेकडून नाम म्हणवून घेतलं, टाळी न वाजवता, नुसतं. प्रेमिलाबाईंच्या ओठांवर ते आलं. पाच दिवसांत पहिल्यांदा. त्यांनी ओठ मिटायचा प्रयत्न केला, मिटले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

रुपराव पुरुषांच्या बाजूने वाकून पाहत होते. "रडून राहिली काय वं?"

"नाही."

ज्याला गादीवरून उतरवलं त्याच्याच गळ्याने आपलं रामनाम परत आणावं, हे काही त्यांनी ठरवलं नव्हतं. दुसऱ्या कुणाकडून आलं असतं तर चाललं असतं.

"मेला, गातो किती चांगला," त्या रागाने पुटपुटल्या, आणि पदराने डोळे पुसून पुढचं ऐकायला सरसावून बसल्या.